चोवीस नंबरचा व्हॉल्व्ह

२८ एप्रिल २०१९, रविवार
सोसायटीची मीटिंग. बायपासपलीकडे बिल्डिंगा उगवल्या, नळ उगवला नाही. रोज एक टँकर, तो आठ फ्लॅटना पुरतो. फ्लॅट चोवीस. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी नंबर. वॉचमन कडूबा पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने नंबर लिहितो आणि त्याप्रमाणे एकेकाचा व्हॉल्व्ह उघडतो. पण कोणीतरी ओल्या बोटाने आकडा पुसून स्वतःचा लिहितं. (बोट ओलं करायला त्याच्याकडे पाणी आहे, हाच पुरावा.) आज हाणामारीच बाकी होती.

मी उठलो. म्हणालो, डिप्लोमाला असताना मी पाळी लावायचा प्रोग्राम सी भाषेत लिहिलाय, तो वेब पेजवर चढवतो. पेजवर दिसेल त्याचाच व्हॉल्व्ह उघडायचा. मशीन भावकी बघत नाही. सेक्रेटरी पुंजारामकाकांनी तसा ठराव लिहून सह्या घेतल्या. पहिली सही माझी. फार बरं वाटलं.

२९ एप्रिल
संकल्प: वेबअसेम्ब्ली. म्हणजे सीमधला प्रोग्राम कंपाइल करून थेट ब्राउझरमध्ये पळवायचा. यूट्यूबवर एकाने अकरा मिनिटांत करून दाखवलं. मला अनुभव आहे, आठ धरू.
रत्नमाला म्हणाली, एक्सेलमध्ये होत नाही का? बायकोच्या प्रश्नाला नुसता हसलो.

२ मे
कंपाइलर डाउनलोड. आजचा नेट संपला, कंपाइलर अर्धा. उशीर माझा नाही, कंपनीचा.

५ मे, सकाळी ७
कंपाइलर बसला. प्रोग्राम दिला. एकेचाळीस एरर.
कॉलेजात निळ्या स्क्रीनवर सरांनी शिकवलं तसंच लिहिलंय. आधी स्क्रीन पुसायची, शेवटी कोणीतरी बटन दाबेपर्यंत थांबायचं. हे संस्कार आहेत. नव्या कंपाइलरला त्यातला एकही शब्द ओळखू येत नाही.

९ मे
संस्कार काढून टाकले. एरर शून्य! पेजवर डबल क्लिक केलं. पांढरं. पुन्हा केलं. पांढरं. ब्राउझर बदलला, तिथेही पांढरं. दोन तास मी त्या पांढऱ्याकडे बघतोय.

१२ मे, रविवार
कळलं. नुसत्या डबल क्लिकने हे चालत नाही, सर्व्हरवरून द्यावं लागतं. लॅपटॉपवरच सर्व्हर चालू केला. चाललं! पत्ता लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आजपासून भांडणं बंद.'

दुपारी ४
एकाच्याही मोबाइलवर उघडत नाही. तो पत्ता म्हणजे ज्याने त्याने स्वतःच्याच यंत्रात शोधायचं, असा निघाला. तेवीस घरं दिवसभर आपापल्या मोबाइलच्या पोटात माझं पेज शोधत बसली. कडूबा म्हणाला, साहेब, खडूला रेंज लागत नाय.

१४ मे
सोयगावहून आईचा फोन. गावातली विहीर आटली, वीस तारखेला येते म्हणाली. शहरात पाणी तरी असंल बाबा. मी म्हणालो, बिनघोर ये, वीसला आपलाच नंबर आहे. रत्नमाला म्हणाली, पेजचं काय व्हायचं ते होऊ द्या, आत्याबाईंना अंघोळीपुरतं पाणी मिळालं पाहिजे. तिने दोन दिवसांचे कपडे भिजवलेच नाहीत.

१८ मे, शनिवार
फुकटच्या होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, चढवलं. सगळ्यांच्या मोबाइलवर उघडलं! पेजवर एक ते आठ. कडूबाने बघून आठ व्हॉल्व्ह उघडले. काकांनी दारावरचा खडू पुसून टाकला. डोळ्यांत पाणी आलं. टाकीत येण्याआधी तिथे आलं.

१९ मे
नऊ ते सोळा. बिनचूक. चार जणांनी हात मिळवला. पुढे जिल्हाभर टँकरला हेच लावता येईल. उद्या आपण. फ्लॅट चोवीस, म्हणजे शेवटचा. सेनापती शेवटीच जेवतो.

२० मे, सकाळी ९
सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, तेवीस. संपलं.
रिफ्रेश केलं. तेवीस. मोबाइल बंद करून चालू केला. तेवीस.
प्रोग्राममध्ये 'चोवीसपर्यंत' लिहायच्या जागी मी 'चोवीसच्या आत' लिहिलंय. सोळा वर्षांपूर्वी. एका चिन्हाची चूक.
कडूबाला म्हणालो, उघड रे, आपलंच आहे. म्हणाला, मला काय हो साहेब, पर पेजवर नाय ना. काकांनी ठरावाची वही काढून माझी सही दाखवली. उरलेलं पाणी पहिल्या मजल्याला गेलं.

दुपारी २
दुरुस्ती केली. आता कंपाइल होत नाही. मागच्या वेळी कसं झालं होतं ते आठवत नाही. कुठेच लिहून ठेवलं नाही. रत्नमाला न भिजवलेले कपडे पुन्हा टोपलीत भरतेय.

संध्याकाळी ५
आई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन. एसटीत मांडीवर धरून आणला म्हणाली. लोकं म्हणले शहरात लई हाल हायेत, म्हणून गावच्या टँकरचं घेऊन आले. चहा झाला. उरलेल्या पाण्यात तिने तोंड धुतलं, आणि मला म्हणाली, तूबी धू, लई दमलेला दिसतोस.

२१ मे
दारावर पुन्हा खडू. माझं अक्षर चांगलं म्हणून नंबर लिहायचं काम काकांनी मला दिलंय. सगळ्यात आधी चोवीस लिहिला. खात्रीसाठी पुसून दोनदा लिहिला. पुसणारं बोट कोरडंच होतं.