दुसऱ्या डोसचा मंगळवार

प्रिय खारुताई,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला एकही वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी मला काही वाक्यं पुरी करायची आहेत. म्हणून पत्र. अक्षर लावून घे. पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या पोटी असं अक्षर कसं जन्माला आलं, हे कोडं नानांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

इकडे सगळं ठीक. तुझे काका रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघराची मांडणी सुधारतायत. परवा चहापत्तीचा डबा शोधायला मला वीस मिनिटं लागली. तो औषधांच्या खणात निघाला, कारण काय, तर रोज लागणाऱ्या गोष्टी एकत्र असाव्यात. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. आणि आपलं लसीकरण केंद्र होतं ना, तो हॉल पुन्हा बॅडमिंटनवाल्यांना मिळाला. गेल्या आठवड्यात कामासाठी तिथे गेले होते. रांगेत अंतर ठेवायला जमिनीवर ज्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या त्या निघाल्यात, पण त्यांचा डिंक नाही निघाला. दोन मुलं तिथे खेळत होती आणि त्यांचे बूट दर दोन पावलांना चिकटत होते. मी जरा वेळ बघत उभी राहिले.

नर्सिंगला तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईने कळवलं तेव्हा मी ड्युटीवर होते. वॉर्डातल्या सगळ्यांना सांगून झालं. एक वर्ष भलत्याच कोर्समध्ये काढून शेवटी तू आमच्याच वाटेला आलीस. पाय दुखतील, बुटांत कंजुषी करू नकोस, एवढाच माझा अनुभवी सल्ला. बाकी तुला शिकवतीलच.

नाना असते तर त्यांनी तुझ्या खोलीच्या दारावर पाटी रंगवून दिली असती. तुला आठवतं, तुझी आई बेकरीत पहाटेच्या पाळीला जायची तेव्हा तू सकाळभर त्यांच्या दुकानात असायचीस? दुकानांच्या काचांवर ते आतल्या बाजूने अक्षरं काढायचे, म्हणजे पाऊस-पाण्याने रंग जात नाही. आतून काढायची म्हणजे सगळी उलटी, शेवटच्या अक्षरापासून सुरू. तू पाच वर्षांची असताना तुला स्वतःचं नाव आधी उलटं लिहिता यायला लागलं आणि शाळेतल्या बाईंनी तुझ्या आईला बोलावून घेतलं. नाना स्वतः शाळेत गेले आणि बाईंना म्हणाले, 'पोरीचं बरोबर आहे, तुम्ही पलीकडून बघा.'

म्हणूनच तर शुश्रूषागृहाच्या खिडकीचा तो उद्योग त्यांना सुचला. खुबा मोडल्यावर त्यांना तिथे ठेवावं लागलं, आणि मग साथ आली. नियम झाला की दोन डोस आणि त्यावर चौदा दिवस झालेल्यांनाच आत सोडायचं. मी नर्स, माझे दोन्ही कधीच झालेले. तुझ्या आईचेही झाले. तुझा एकच. त्यांची खोली तळमजल्यावर होती आणि मध्ये फुलझाडांचा वाफा, त्यामुळे तू वाफ्याच्या अलीकडे आणि ते काचेच्या पलीकडे. कान गेलेले, फोनचा उपयोग नाही. तेव्हा पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून ते काचेवर उलटं लिहायचे, म्हणजे तुला सुलटं दिसावं. लिहून होईपर्यंत पहिलं अक्षर वाळलेलं असायचं. मी आत त्यांच्या शेजारी उभी असायचे आणि मला ते उलटं दिसायचं, पण मीही त्याच दुकानात वाढले, मला वाचता येत होतं. बहुतेक वेळा ते एकच लिहायचे: 'दुसरा कधी?'

आता तुला परिपत्रकांची गोष्ट सांगते. तुझ्या बाजूने तू ती पाहिली आहेस, माझ्या टेबलाच्या बाजूने नाही. पहिलं परिपत्रक आलं की सोळा-सतरा वर्षांच्यांना एकच डोस द्यावा, दुसऱ्याबद्दल नंतर कळवू. दुसरं आलं की दीर्घ आजार असलेल्यांना आठ आठवड्यांनी दुसरा द्यावा, इतरांबद्दल नंतर कळवू. त्याच दुसऱ्या परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर, जिथे सहीची जागा असते त्याच्या जरा वर, एक वाक्य होतं: अठरा पूर्ण व्हायला तीन महिन्यांहून कमी काळ असलेल्यांना प्रौढ समजावं, म्हणजे त्यांनाही आठ आठवड्यांनी दुसरा. कमी काळ कधी मोजायचा, पहिल्या डोसच्या दिवशी की दुसऱ्याच्या, ते नव्हतं. आईबाप विचारायचे, मुलं विचारायची, शाळा विचारायच्या. एका बाईंच्या जुळ्या मुलींपैकी एकीला पलीकडच्या केंद्रावर दुसरा डोस मिळाला होता आणि दुसरीला आम्ही परत पाठवलं होतं. ती बाई माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, 'दोघींमध्ये अकरा मिनिटांचा फरक आहे हो, तुमचा नियम त्या अकरा मिनिटांत बदलला का?' मी हसले. ती नाही हसली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आमची गत.

त्यातच एक निनावी पत्र आलं होतं, वरच्या ऑफिसात. की आमच्या केंद्रावरचे लोक संध्याकाळी उरलेले डोस आपल्या नातेवाइकांना बोलावून देतात. माझं नाव त्यात नव्हतं, पण केंद्राची इनचार्ज मी. साहेबांनी मला बोलावून पत्र वाचून दाखवलं आणि फक्त एवढंच म्हणाले, 'लक्ष असू द्या.' बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. घरी येऊन मी जेवले नाही. काकांना वाटलं, मीठ जास्त झालं.

आणि त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी तू आलीस. पहिल्या डोसला बरोबर आठ आठवडे झाले होते आणि अठराला दोन महिने दहा दिवस कमी. जाकिटाच्या आत बिनबाह्यांचा टॉप घालून आली होतीस, पटकन दंड उघडा करता यावा म्हणून. हातात परिपत्रकाची प्रत होती. ते शेवटच्या पानावरचं वाक्य तू शोधून काढलं होतंस आणि त्यावर पिवळी खूण केली होतीस. माझ्या शेजारी नोंदणीवाला बसला होता, पलीकडे इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर होत्या, आणि दोघांनीही मान वर केली, कारण तू दारातूनच 'मावशी' अशी हाक मारलीस. त्याने संगणकात तुझा नंबर टाकला, पडद्यावर 'पात्र नाही' अशी लाल चौकट आली. मी तो कागद हातात घेतला आणि न वाचता परत दिला. म्हणाले, 'हे तुला लागू नाही. नियम सगळ्यांना सारखा. पुढची ऑर्डर आली की ये.' तू एरवी केवढी बडबडी. त्या दिवशी फक्त 'बरं' म्हणालीस, जाकीट चढवलंस, चेन वरपर्यंत ओढलीस आणि गेलीस.

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

त्याच दुपारी साडेतीनला एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन आला. दुकान बंद ठेवून आला होता, गळ्यात टेप तशीच. मुलीचंही तुझ्यासारखंच, अठराला दोन महिने आणि काही दिवस कमी, पहिला डोस आठ आठवड्यांपूर्वी, पडद्यावर तीच लाल चौकट. तो माणूस भांडला नाही. म्हणाला, 'बाई, हिची आजी आमच्याजवळ असते, तिची किडनी गेलीय. हिच्याकडून तिला काही होऊ नये, एवढंच. तुम्ही एकदा विचारून तर बघा कुणाला.' मी फोन उचलला आणि वरच्या ऑफिसला लावला. दोन मिनिटांत उत्तर मिळालं. तिकडची मुलगी जांभई देत म्हणाली की वय आजच्या तारखेला धरायचं, सकाळपासून सगळ्या केंद्रांना तेच सांगतोय, पडदा लाल दाखवला तरी वहीत नोंद करून डोस द्या. मी दिला. शिंप्याने सिस्टरांना नमस्कार केला, मला केला, नोंदणीवाल्यालाही केला.

तेव्हा चारसुद्धा वाजले नव्हते. तुमचं घर बसने वीस मिनिटांवर. फोन माझ्या हातातच होता. मी तो खाली ठेवला. नोंदणीवाला एवढंच म्हणाला, 'सकाळी तुमची भाची...' मी म्हटलं, येईल ती नंतर. खरं सांगू, मला दिसत होतं की तू धापा टाकत पुन्हा दारात येशील, पुन्हा 'मावशी' म्हणशील, बंद व्हायच्या वेळी, आणि ते निनावी पत्र लिहिणारा जो कुणी होता त्याला हवं ते मिळेल. आपला तो बाब्या असं कुणी म्हणू नये, म्हणून मी आपल्याच बाब्याला दाराबाहेर ठेवलं. पाचला बंद करताना उघडलेल्या कुपीत दोन डोस उरले होते. उघडल्यावर ती दुसऱ्या दिवशी चालत नाही. मी माझ्या हाताने वहीत लिहिलं, 'वाया: दोन', खाली सही केली आणि कुपी डब्यात टाकली.

मनाशी म्हटलं, दोन-चार दिवसांत सगळ्यांसाठी ऑर्डर येईल, मग रीतसर होईल. ऑर्डर नऊ दिवसांनी आली. वरातीमागून घोडं, आणि तेही लंगडं: सगळ्यांना दुसरा डोस द्या, पण बारा आठवड्यांनी. प्रौढ समजण्याचं ते वाक्य या कागदात नव्हतंच. मी तुझ्यासाठी न उघडलेलं दार आता खरोखरच बंद झालं. तुझी तारीख चार आठवड्यांनी पुढे गेली. त्या तारखेला तू डोस घेतलास, मीच सिस्टरांना सांगितलं की हळू टोचा. मग चौदा दिवसांची वाट. त्यातले सात झाले होते, तेव्हा मंगळवारी सकाळी चहा घेताना नाना गेले. इतके अचानक, की शेवटच्या घडीला म्हणून तुला आत सोडा असं कुणाला सांगायलाही वेळ मिळाला नाही. मी हे मोजलं आहे. त्या पहिल्या मंगळवारी तुला डोस दिला असता तर तुला त्यांच्याजवळ तीन आठवडे मिळाले असते. पुरे एकवीस दिवस.

त्या पाच आठवड्यांत त्यांनी मला प्रत्येक भेटीत विचारलं आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, 'नियम नाही अजून.' एकदा माझ्याकडे बघत म्हणाले, 'नियम लावतं कोण तिथे?' मी म्हटलं, वरचे. ते खिडकीकडे वळले. त्यांना ऐकू आलं नसेल, असं मी तेव्हा धरून चालले.

एवढी दोन वर्षं गप्प बसले ती बसलेच असते. तू मला कधी दोष दिला नाहीस, आणि ते मला सोयीचं होतं. पण परवा तुझ्या आईने मुलाखतीचा किस्सा सांगितला. त्यांनी तुला विचारलं, या कामात सर्वांत महत्त्वाचं काय? आणि तू म्हणालीस, नियम सगळ्यांना सारखा लावणं, कारण माझ्या मावशीने सख्ख्या भाचीलासुद्धा रांगेतून परत पाठवलं होतं, तेव्हा वाईट वाटलं, पण तिच्याकडूनच मी हे शिकले. तुझी आई सांगताना रडली, अभिमानाने. मी फोन धरून नुसतं हं हं केलं. खारुताई, ते खरं नाही. त्या दिवशी नियम सारखा नव्हता. शिंप्याच्या मुलीसाठी मी फोन केला आणि तुझ्यासाठी केला नाही, एवढाच फरक होता, आणि तो मी केला. हे ऐकून तू रागावलीस तर रागाव, महिनाभर बोलली नाहीस तरी चालेल. तुझ्या आईला मी रविवारी समोर बसून सांगणार आहे. पण माझं हे खोटं घेऊन तू त्या कामावर उभी राहू नकोस. उद्या तुझ्या टेबलासमोर कुणीतरी हातात कागद घेऊन येईल. तो वाच. कळला नाही तर विचार. तो माणूस तुझा असला, तरीही.

तुझीच, तुझी इच्छा असेपर्यंत,
मावशी