बाबांची लाल गिटार

प्रिय लेव्हॉनदादा,

बाबांची लाल इलेक्ट्रिक गिटार सापडली. तसली आता जगात शोधूनही मिळत नाही. रविवारी रोझडेल गावच्या चर्चमध्ये एक मुलगी ती वाजवत होती. गिटारवरचा बाबांच्या सिगारेटचा डाग मी लगेच ओळखला. पाद्री म्हणाले, "तुझ्या आईनंच दिली की!"

घरी आले तेव्हा आई भेंडी चिरत होती. विचारल्यावर म्हणाली, "ती घेऊन तुझा बाप महिनामहिना गावोगाव भटकायचा. मला नवरा घरात हवा होता."

"मग बाबांनी दादाला गिटारचोर म्हणून हाकललं, तेव्हा गप्प का बसलीस?"

"वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. पोरगा थेट डेट्रॉइटलाच गेला. आणि तुझा बाप घरात बसला खरा, पण माझ्याशी धड बोलला नाही."

मग माझा हात धरून म्हणाली, "त्याला कळवू नकोस गं. कळलं तर तो कधीच यायचा नाही."

"आता तरी कुठे येतोय, आई?"

ती रडायला लागली. मी वचन देऊन बसले, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. बाबा मरेपर्यंत तुला चोरच समजत राहिले, दादा. आई आहे तोवर खरं तुझ्यापासून लपलेलंच राहू दे, असं ती मागते, आणि मला नाही म्हणता आलं नाही.

तुझी धाकटी,
अर्नेस्टीन