डागावरचा कागद

सोमवार, २५ नोव्हेंबर
सालेकस्यावरून सकाळच्या गाडीनं आमगावले आलो. धान कापून, मळून मोकळा झालो, आता इथंच राहीन. प्रफुलचं घर मस्त आहे. हवा येते, नळ आहे, गॅस आहे. पोरगा ट्रकवर असते, चार-चार दिवस घर पाहत नाही. येत्या रविवारी सडक अर्जुनीवरून प्रफुलच्या दुसऱ्या लग्नासाठी नीतूच्या घरचे लोक घर पाहाले येऊन राहिले. पोरगी चांगली आहे, जमलं पायजे. पहिली सून हर्षा मागच्या साली पोळ्याच्या आधी गेली, तेव्हापासून घर ओसाडच. मी म्हणलो, घर मी तयार करतो, तू गाडी चालव.
अंगण झाडलं, मोरी घासली, जाळे काढले. शेजारच्या सावित्रीबाईनं चहा आणला. लय गोड होता, पण प्यालो.
समोरच्या खोलीत दिवाणाच्या वर भिंतीले तेलाचा डाग आहे, ताटाएवढा. दोनदा चुना मारला, एकदा पेंट मारला, तरी वर येते म्हणे. प्रफुल म्हणते वॉलपेपर लावा. लावतो.

मंगळवार, २६
वॉलपेपरवाला दुर्गेश भिंत पाहून गेला. म्हणे आधी खरवडा, मग सोड्यानं तेल धुवा, मग प्रायमर, दोन दिवस वाळवा, मग कागद. एका भिंतीले पाच दिवस. माझं अख्खं घर पंधरा दिवसात उभं झालं होतं. मी म्हणलो, रोल ठेव अन् जा. जाता जाता गाडीवरून म्हणते, काका, तेलावर कागद बसत नाही. मी म्हणलो, मी बसवतो.
मैद्याची खळ शिजवून ठेवली. कागद बदामी रंगाचा आहे, सोनेरी वेलीचा. नीतूच्या मायले आवडंल.

बुधवार, २७
सकाळीच लागलो. दोऱ्याले नट बांधून वरून सोडला, उभी रेघ मारली. पहिली पट्टी त्या रेघेवर. फडक्यानं मधून बाहेर दाबत गेलो की हवा निघून जाते. यात काही विद्या नाही. जेवणाच्या आत चार पट्ट्या झाल्या. जोड कुठं आहे ते मलेच सापडत नव्हतं.
सावित्रीबाई पाहाले आली. म्हणते, झाकला का भाऊजी तिचा डाग. मी म्हणलो, कोणाचा. म्हणते, हर्षाचा. काम झालं की पोरगी डोक्याले तेल लावून तिथंच टेकून बसे, अन् बोलत राहे. माझ्या चुलीपर्यंत आवाज ये.
मग विचारते, शेवटी काही बोलली का ती. मी म्हणलो, नाही. झोपली ते उठली नाही. सगळ्याईले हेच सांगितलं आहे. बाई म्हणते, एवढी बोलणारी पोरगी, अन् जाताना मुकी गेली का. कप तसाच ठेवून निघून गेली. असं टोचून बोलणं मले खपत नाही.
चार वाजता पाहलं तर डागाच्या जागी कागद फुगला. दाबला, बसला. हात धुवून आलो, तर पुन्हा फुगला.

गुरुवार, २८
फुगा मोठा झाला. सुई टोचली. फुस्स करून हवा निघाली. गरम होती. खोबऱ्याच्या तेलाचा वास आला.
दाबून बसलो तेवढा वेळ माझ्या छातीवर कोणी गुडघा ठेवल्यावाणी झालं. हात काढला की मोकळं. तीनदा करून पाहलं. तिन्ही वेळा तसंच.
दुपारी पोट दुखाले लागलं. काही वावगं खाल्लं नाही. खळ वाळत नाही म्हणून हवा राहते, दुसरं काही नाही. मजबूत फळी लावून दाबतो. रविवारी पाहुणे येतील.

शुक्रवार, २९
फळी पडली होती. फुगा वर-खाली होऊन राहिला. झोपलेल्या माणसाचं पोट होते तसा. हात ठेवला. माझा श्वास आत तर तो वर. माझा बाहेर तर तो खाली.
डोळ्याच्या पापण्या उचलत नाहीत. बोटानं वर धरून लिहून राहिलो. पाय पाहले, हात पाहले. चावल्याची खूण नाही. मग आठवलं, तिच्याही अंगावर नव्हती. नंतर डॉक्टर म्हणले, मण्यार असंल, या सापाची खूण दिसत नाही.
प्रफुलचा फोन आला. म्हणते, बाबा, नाकातून काऊन बोलता. मी म्हणलो, सर्दी. म्हणते, सावित्रीकाकूले घेऊन दवाखान्यात जा. मी म्हणलो, कायले. मग म्हणते, हर्षा बोलली असती तर वाचली असती बाबा. तुम्ही तरी बोला.
फोन ठेवला अन् फुगा दीड वीत वर आला.
हर्षा गेली त्या राती माझ्याजवळ आली होती. मी दोन दिवसांसाठी इथं आलो होतो, प्रफुल रायपूरले. पहाटे आली, मामाजी पोट दुखते. मग आली, मामाजी डोळे उघडत नाहीत. मग आली, गिळता येत नाही, दवाखान्यात न्या. तीनदा. तिन्ही वेळा मी जागा होतो. दवाखाना दीड किलोमीटर. मी म्हणलो नखरे नको करू, जाऊन झोप. उजाडलं तेव्हा त्या भिंतीले टेकून—
प्रफुलले हे कळाले नाही पायजे. कधीच.

शनिवार, ३०
कागद फाडाले गेलो. हात वर होत नाही. नख लागत नाही.
फोन लावला. आवाज निघाला नाही. प्रफुल हॅलो हॅलो करत राहिला. मग म्हणते रेंज नाही, उद्या येतो.
थूक गिळवत नाही. पोळीचा तुकडा बाहेर—

शनिवार, दुपार
कालचं पान उघडं होतं. फुग्यासमोर. ते उघडं असलं की थोडा श्वास येते. झाकलं की बंद. दोनदा पाहलं.
ती मागून राहिली. प्रफुलच्या नावानं लिहून मागून राहिली.
कालचं पान फाडलं. गॅसपर्यंत जाता येत नाही, तोंडात घातलं. गिळता येत नाही.
श्वास नाही.
लिहितो. लिहितो बाई.

प्रफुल, ती बोलली होती. पोट दुखते म्हणली. — श्वास आला. फुगा बसला थोडा.
दुसऱ्यांदा आली. डोळे उघडत नाहीत म्हणली. — अजून बसला. वेल सरळ दिसून राहिली.
तिसऱ्यांदा आली. दवाखान्यात न्या म्हणली. — आता भिंत सपाट. छाती मोकळी.
पण बेटा, तिसऱ्या वेळी मी झोपेत होतो. मले काही ऐकू—