शनिवारी बाराला लागलेली आग

हिंटरमोस, सोमवार

आदरणीय अफ्राआत्यांना झेन्झीचा घाबरत घाबरत नमस्कार.

साल्झबुर्गला सुखरूप पोहोचलात ना? बसमध्ये पाय सुजले नाहीत ना? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (हे वाक्य मी तीनदा खोडलं. माणसं बरी आहेत, एवढं खरं.) शनिवारी निघण्याआधी तुम्ही आमची चूल स्वतः साफ करून गेलात, त्याबद्दल आई आभार मानते.

येत्या रविवारी, आगीपासून राखणाऱ्या संत फ्लोरियानच्या सणाला, गावच्या अग्निशमन दलाला एकशे तीस वर्षं होतात. दलाचा इतिहास लिहून चर्चबाहेर सगळ्या गावापुढे वाचायचं काम माझ्यावर आलंय. दलात मीच सगळ्यात नवी, आणि तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर गिरवून घेतल्यामुळे माझं अक्षर बरं. जुन्या वह्या वाचून छाती दडपते. एका आगीत पंप कुलपात होता आणि किल्ली पाद्रीबाबांच्या खिशात, तेही लिहिलंय. दुसऱ्या आगीत पंप ओढणारे घोडे गवत वाहायला गेले होते, तेही. प्रत्येक आगीपुढे कारण आणि माणसाचं नाव. पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीलाही सोडलेलं नाही. ‘कारण अज्ञात’ असं एकदाही नाही.

आणि आता शनिवारचं पान मला लिहायचंय. भोंगा माझ्या ताब्यात असतो. दर शनिवारी बाराला चाचणी म्हणून एकदा वाजवायचा, खऱ्या आगीला तीनदा. मी बटणावर बोट ठेवलं आणि खिडकीतून धूर दिसला. एक लाकडी खोपट पेटलं होतं. (कुणाचं ते पुढे सांगते, आधी धीर गोळा करते.) तीनदा वाजवला. कुणी आलं नाही. पुन्हा तीनदा. शेवटी धावत दलाच्या प्रमुखांकडे, म्हणजे ओट्मारकाकांकडे गेले. गळ्यात जेवणाचा रुमाल, पुढ्यात सूप आणि त्यात क्नोडेलचे गोळे.

“ये झेन्झी! आज भोंगा फारच लाडात आलाय!”

“काका, आग!”

“अगं, शनिवार आहे. बारा वाजलेत. बस, सूप निवतंय.”

काकू म्हणाल्या, “शिकतेय बिचारी. बटण सुटत नाही तिला.”

मी रडायला लागले तेव्हा कुठे काकांनी खिडकी उघडली. मग सगळं दल गळ्यातल्या रुमालांसकट धावलं. पाणी मारलं ते निखाऱ्यांवर.

काका म्हणतात, “कारण वीज, असं लिही.” मी म्हटलं, “काका, लख्ख ऊन होतं.” “मग उन्हातली वीज लिही!” खोटं वाचलं तर फ्लोरियानबाबा वरून बघणार. खरं वाचलं तर पहिल्या बाकावरचं माणूस बघणार, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तुमची भेदरलेली भाची,
झेन्झी

ता. क. खोपट तुमचं होतं. आजीची पेटी आणि तुमचं शिलाई मशीन आत होतं. मशीनचं चाक मिळालं. पुसून ठेवलंय.

आणखी ता. क. आत फळांच्या खोक्याचे खिळे सापडले, आणि त्यांच्या मधोमध चुलीतल्या राखेचा ढीग. ती राख लाकडी खोक्यात भरून तिथे कुणी ठेवली, हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. राख नेहमी लोखंडी बादलीत आणि वहीत नेहमी खरं, हे दोन्ही मला तुम्हीच शिकवलंत. रविवारी पहिल्या बाकावर तुमचीच जागा राखलेली आहे. म्हणून विचारते, शनिवारी तुम्ही बसमध्ये चढलात तेव्हा कुठे वीज चमकताना दिसली का? उलट टपाली कळवा. आणि खरं तेच कळवा.