चित्रांचं जाड पुस्तक परत न पाठवल्याबद्दल

आदरणीय भावोजींना, तुमच्या एकुलत्या एका आणि (तुमच्याच मते) अतिशय बेजबाबदार मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. ताईच्या गुडघ्याला आराम आहे का? तिला म्हणावं, जिने जरा कमी चढ. (इथे आली की ती अर्ध्या जिन्यात उभी राहून खाली दुकानातल्या गिऱ्हाइकांशी तासभर गप्पा मारते आणि मग सगळं खापर गुडघ्यावर फोडते. हे तिला वाचून दाखवू नका.) तुमच्या पोटाचं कसं आहे? इकडे ही बरी आहे, मी बरा आहे, दुकान चालू आहे. अप्पांचं पुढे लिहितो, कारण त्यांचं दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

तर पुस्तकाचं. तुम्ही रागावलात, ते बरोबरच आहे. पत्रातली ‘मौल्यवान’, ‘दुर्मिळ’ आणि ‘माझ्या आयुष्याचा ठेवा’ या शब्दांखालच्या रेघा मी पाहिल्या. एवढा ठेवा होता तर गेल्या खेपेला तो सलूनच्या बाकड्यावर टाकून गाडी पकडायला का पळालात, हे मी विचारत नाही. तुम्ही जावई आहात, तुम्हाला विचारायचं नसतं. पण पुस्तक आल्यापासून इथे काय काय झालं ते ऐकून घ्या आणि मगच काय ती शिक्षा द्या.

पहिले काही दिवस ते कोणी उघडलंच नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्याचं वजनच असं, की माणूस उचलतो आणि परत ठेवतो. मग लहान पोरांचे केस कापताना आमची ती फळी असते ना, खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची, ती मोडली. तेव्हा तुमचा ठेवा अगदी योग्य उंचीचा निघाला. (खाली टॉवेल घालत होतो, भावोजी. वरसुद्धा टॉवेल. आणि दोनच पोरं बसली, दोन्ही सुक्या चड्डीची. किंचाळू नका.) तिसऱ्या पोराला बसवणार तेवढ्यात त्याच्या आईने विचारलं, हे कसलं पुस्तक? तिने उघडलं आणि बाई वाचतच राहिली. म्हणजे बघत राहिली. पोराचे केस कापून झाले, पावडर झाली, पोरगं खुर्चीवरून उतरून तिचा पदर ओढायला लागलं, तरी तिची नजर हलेना. म्हणून मीही डोकावलो.

एका खिळ्याला टांगलेला पांढरा टॉवेल. बस्स, एवढंच चित्र! मागे पांढरी भिंत. मी मनात म्हटलं, घ्या, आमच्या भावोजींचा ठेवा म्हणजे टॉवेल. आणि मग जवळून पाहिलं तर त्या टॉवेलात पांढरा रंग जवळपास नाहीच! निळसर आहे, राखाडी आहे, एका घडीत तर चक्क गुलाबी आहे, आणि तरी तो असला लख्ख पांढरा दिसतो की हात पुसावासा वाटतो. मी दिवसभर टॉवेल झटकणारा माणूस. तोंडावर टाकतो, मानेला गुंडाळतो, संध्याकाळी गठ्ठा करून धुवायला देतो. त्या दिवशी मी आमचा टॉवेल उजेडात धरून पाहिला, तर त्यातही गुलाबी होतं. मला स्वतःचाच राग आला, की इतकी वर्षं मी पाहत काय होतो? खुर्चीतलं गिऱ्हाईक ओल्या दाढीने ओरडलं तेव्हा भानावर आलो.

त्या दिवसापासून तुमचा चित्रकार आमच्या दुकानात भाड्याशिवाय राहायला आला. बाकड्याच्या वरच्या फळीवर, केसांच्या तेलाच्या बाटल्या बाजूला सारून, मी पुस्तक उभं केलं. दुकान उघडलं की एक पान उघडायचं आणि दिवसभर तेच ठेवायचं, असा नियम केला (नाहीतर थुंकी लावून पानं उलटणारे महाभाग कमी नाहीत). लोक आजचं पान बघायला यायला लागले, भावोजी! ज्यांच्या डोक्यावर कापायला काही उरलेलं नाही तेही यायला लागले. मी ‘चला, पुढचा कोण?’ म्हणून बोंबलतोय आणि बाकड्यावरचे एकमेकांना ‘तुम्ही व्हा पुढे, तुम्ही व्हा’ करतायत. धंद्याचे बारा वाजले म्हटलं तरी चालेल, पण दुकानात इतकी मजा मी जन्मात पाहिली नव्हती.

हिरव्या तोंडाचा माणूस आहे ना, डाव्या पानावरचा, त्यावरून लोकांनी आधी खूप खिदळून घेतलं. शेजारचे वकील म्हणाले की या माणसाला कावीळ झालीय, रंग तेवढा चुकलाय. पण तिथे मात्र मी तुमच्या चित्रकाराची बाजू घेतली. काळ्याभोर दाढीचा माणूस, वस्तरा नुकताच फिरलेला, वर ट्यूबलाइट. अशा गालाचा रंग कोणता असतो ते कोणाही दाढी करणाऱ्याला विचारा. हिरवाच असतो! मी वकिलांचीच अर्धी दाढी करून त्यांना आरशात दाखवलं. नंतर चित्राजवळ जाऊन, अर्ध्या फेसासकट, बराच वेळ उभे होते. जाताना म्हणाले की या माणसाला मी उगाच आजारी ठरवलं.

खरी मारामारी झाली ती पाण्याचा जग हातात घेतलेल्या बाईवरून. (मारामारी म्हणजे तोंडाची. फक्त एक कंगवा तुटला.) निळा जग घेऊन ती खोलीत उभी आहे, बाजूला उघडं दार आहे, आणि तो निळा, भावोजी, त्या निळ्यासाठी मी तुमच्या सगळ्या शिव्या खायला तयार आहे. तर बँकेतले कॅशियर खुर्चीत बसलेले. ते स्वतः डावखुरे. ते खुशीत येऊन म्हणाले, बघा, ही पण आपल्यातलीच, जग डाव्या हातात आहे. बाकड्यावरचे वकील म्हणाले, डोळे तपासा, उजव्या हातात आहे. कॅशियर म्हणाले, माझ्या डोळ्यांनी बघतोय. वकील म्हणाले, मी काय कानांनी बघतोय? बघता बघता दुकानात दोन पक्ष पडले. गंमत अशी की जो जो खुर्चीत बसे तो डाव्या पक्षात जाई आणि उतरून बाकड्यावर आला की फितूर होई! मी अर्थात डाव्या बाजूने. मला तर ती स्वच्छ डावखुरी दिसत होती. आरडाओरडा इतका वाढला, की वरून अप्पांनी जमिनीवर काठी आपटली.

आता अप्पांचं सांगतो. तुम्ही लांब असता, आणि ताईला मी फोनवर ‘ठीक आहेत’ एवढंच सांगतो, म्हणून तुम्हाला नीट कल्पना नसेल. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जिवाला धोका नाही. पण एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. अगदी जराशी, तुरटी फिरवली की रक्त थांबलं. तो भला माणूस हसून सोडून देत होता. अप्पांनी मात्र कात्री माझ्या हातात दिली, राहिलेले केस मला कापायला लावले आणि जिना चढून वर गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. घर वर, दुकान खाली, मध्ये एक जिना, पण ते उतरेनात. कात्र्या, वस्तरा, चामड्याचा पट्टा, सगळं फडक्यात बांधून कपाटात टाकलं. खिडकीत बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांची डोकी बघायचे. जेवण कमी झालं, बोलणं तर त्याहून कमी. मी काही विचारलं की म्हणायचे, तुझं चालू दे. भावोजी, बापाच्या तोंडून ‘तुझं चालू दे’ ऐकताना कसं वाटतं ते मला लिहिता येत नाही. मी खाली जाऊन लोकांना हसवायचो आणि वर जायला भ्यायचो.

तर काठी आपटली. मी पुस्तक घेऊन वर गेलो आणि म्हटलं, अप्पा, तुम्हीच निवाडा करा. त्यांनी चित्र पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा आठ वर्षांचा झालो. खिडकीतून डोकं काढून ते खाली ओरडले, ‘उजव्या हाताची आहे! आरशात बघून भांडताय, गाढवांनो!’ जन्म आरशासमोर काढला आम्ही, आणि पुस्तक खुर्चीच्या मागे ठेवलंय, खुर्चीतल्याला ते आरशात उलटं दिसतंय, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. कॅशियर फार हिरमुसले. ते म्हणाले, असू दे, पण मी खुर्चीत असेन तेव्हा तिला डावखुरीच राहू द्या.

पण पुस्तक काही खाली आलं नाही. अप्पांनी ठेवून घेतलं. म्हणाले, तुम्हा लोकांची लायकी नाही. मी मागायला गेलो की म्हणायचे, थांब, टॉवेलावर आहे. पानं उलटायचे ती इतकी सावकाश, की मला वाटलं हे आता पुढच्या वर्षीच सुटणार. मग एकदा चहा घेऊन गेलो तर पुस्तक अगदी शेवटाकडे उघडलेलं. शेवटची चित्रं तुम्हाला आठवत असतील. एक रिकामी खुर्ची, एक खिडकीची काच, आणि म्हाताऱ्या हातांचं चित्र. साध्या रेघा आहेत, पण सगळ्या नागमोडी. मला वाटलं छपाई बिघडली. अप्पांनी हिला हाक मारली आणि बाजूचा बारीक मजकूर वाचून दाखवायला सांगितला. (जाड पुस्तकात मजकूरही असतो, तो वाचायचा असतो, हे खाली कोणाच्या मनातही आलं नव्हतं.) त्यात लिहिलं होतं, की म्हातारपणी चित्रकाराचा हात थरथरायला लागला. लोकांनी सांगितलं, आता पुरे. त्याने पुरे केलं नाही. पट्टी लावली नाही, दुसऱ्याकडून रेघा मारून घेतल्या नाहीत. हात जसा जाईल तशी रेघ जाऊ दिली.

अप्पांनी हिला तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग आपलं थरथरतं बोट त्या रेघेवर ठेवून रेघेबरोबर नेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि म्हणाले, ‘यानं लपवलं नाही रे.’ मी चहा तिथेच ठेवून बाहेर आलो आणि जिन्यात बसून रडलो. तुम्हाला सांगायला लाज कसली!

आणि भावोजी, अप्पा खाली आले! फडक्याची गाठ सोडली, पट्ट्यावर धार लावली, पांढरा कोट इस्त्री करून घेतला. आता रोज दुकान उघडताना माझ्या आधी हजर असतात आणि आजचं पान कोणतं ते त्यांच्या हुकमाने ठरतं. हे सगळं तुमच्या विसरण्यामुळे झालं. तुमच्या त्या चित्रकाराला मी भेटलो असतो तर जन्मभर त्याची दाढी फुकट केली असती. तेव्हा पुस्तक इतक्यात पाठवता येणार नाही, हे समजून घ्या आणि मोठ्या मनाने माफ करा. ताईला नमस्कार सांगा, मी तिचे आशीर्वाद मागितलेत म्हणावं, आणि पोरांच्या पाठीत एकेक प्रेमाचा धपाटा घाला.

तुमचा, शिव्यांना तयार असलेला,
मेहुणा

ता. क. आता ज्यासाठी हे लांबलचक लिहिलं ते लिहितो. अप्पा खाली आले खरे, पण त्यांच्या खुर्चीत कोणी बसत नाही. सगळ्यांचा त्यांच्यावर जीव आहे, म्हणून तर ‘नाही’ म्हणवत नाही कोणाला. अप्पा कापड झटकून उभे राहिले, की वकिलांना फोन येतो आणि कॅशियरना बँकेची आठवण होते. कॅशियरच्या केसांचं तर रान झालंय. अप्पा कापड घडी करून ठेवतात आणि नसलेले केस झाडतात. असंच चाललं तर ते परत वर जातील, आणि या वेळी गेले तर तुमचं पुस्तकही त्यांना खाली आणू शकणार नाही. म्हणून, भावोजी, पुस्तक न्यायला तुम्ही स्वतः या, आणि आल्या आल्या त्यांच्या खुर्चीत बसा. मी सांगितलंय हे कळू देऊ नका. हे पत्र फाडून टाका.

ता. क. दुसरा. फक्त कात्री. वस्तरा आपण होऊन त्यांनी माझ्याकडे दिला आहे.

ता. क. तिसरा. तुम्ही विचाराल, मग तू का नाही बसलास? बसलो. अप्पा म्हणाले, तू मुलगा आहेस, तू बसणारच, त्यात काय. जावई आपण होऊन बसला तर ते खरं. माझी उजवी बाजू डावीपेक्षा दोन बोटं वर आहे, मागची रेघ नागमोडी आहे, आणि ही हसता हसता पलंगावरून पडली. रस्त्यात लोक विचारतात, कोणी कापले? मी छाती काढून सांगतो, आमच्या अप्पांनी. इतके चांगले केस माझे आजवर कोणी कापले नव्हते. तरी तुम्हाला सोमवारी शाळेत शिकवायला पोरांपुढे उभं राहायचं असतं, तेव्हा येताना टोपी घेऊन या.