पेन्शनीचा तिसरा हिस्सा

अण्णा,

या आठवड्यात घरात काय काय आलं ते आधी सांगते, तुम्हाला तशीच सवय होती. खजिन्यातून माझी कुटुंब-पेन्शन आली, चारशे दहा रुपये. चालत गेले, चालत आले, पण वहीवर अंगठा-सह्या घेणाऱ्या शिपायाच्या चहाचे साठ पैसे गेले. शेतावरून तुरीचे दोन कट्टे आले, गाडीभाडं बारा रुपये, हमाली दोन. चष्म्याची एक काच बदलून आली, अठरा रुपये. महाग वाटली, पण आकडे दिसेनात तर काय करायचं. शेजारच्या बाई गाणगापूरहून प्रसाद घेऊन आल्या. प्रसादाला मोल नसतं, तरी दक्षिणेचा सव्वा रुपया त्यांच्या हाती दिला होता तो धरला आहे. आणि सोलापूरहून थोरल्याचं पत्र आलं. त्याने तिकीट कमी लावलं होतं, त्याचा दंड मीच भरला.

पत्रात त्याचं म्हणणं असं की आळंदचं घर विकावं, गावाकडची चार एकर विकावी आणि मी सोलापूरला त्याच्याकडे यावं. तिथे दोन खोल्या घ्यायच्या म्हणतो, माझंही नाव घालतो म्हणतो. तुमचा नातू वाईट नाही, अण्णा. पण शेवटी एक ओळ लिहिली आहे. अप्पांनी तेव्हा हट्ट केला नसता तर आज तुझ्यावर शेत विकायची पाळी आली नसती. ह्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं आणि मुलाच्या मनात बापाबद्दल एवढंच उरलं आहे. महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं आहे. उत्तर लिहायला बसले आणि तुमचंच पत्र सुरू झालं. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. हे पत्र टाकायला पत्ता नाही हे मला ठाऊक नाही, असं समजू नका.

तुमची अडतीची पेढी आठवते. उन्हाळ्याची सुट्टी, मी मॅट्रिकच्या आदल्या वर्षाला. तुम्ही गादीवर, मी तुमच्या डाव्या हाताला, पुढे तुरीच्या राशी, आणि हमाल बोलतात कानडी, शेठ बोलतात उर्दू, तुम्ही लिहिता मोडी. घरच्या हिशोबाची वही तुम्ही त्या वर्षी माझ्याकडे दिली होती. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना तुम्ही हातउसने ऐंशी रुपये दिले होते, आणि ते संक्रांतीआधीच वारले. मी वर्षअखेरची ओळ ओढताना ते ऐंशी रुपये सोडून दिले. मैत्रिणीचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. तुम्ही पान उलटलंत, चष्मा कपाळावर सारलात. हमाल ऐकत होते, तरी आवाज खाली आणला नाहीत.

"कामून सोडलीस ही ओळ?"

मी पानावरची शाई टिपत बसले.

"मागायचं न्हाई ते मी बघून घेतो. पण लिहायचं. लिहिलं न्हाई म्हणून बुडालेलं वर येत न्हाई, पोरी."

ते पैसे तुम्ही कधी मागितले नाहीत. ओळ मात्र माझ्याकडून लिहून घेतलीत. घरी येईपर्यंत मी रडत होते आणि तुम्ही माझ्या पुढे दहा पावलं चालत होतात.

लग्नात लोकांनी भांडी दिली. तुम्ही पोस्टाचं पासबुक दिलंत, माझ्या नावाचं, एकशे एक रुपये भरलेलं. सासूबाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि ह्याच्यात पाणी कसं तापवायचं असं विचारलं. सगळे हसले, मीही हसले. त्या पासबुकात मी पुढे तीस वर्षं भर घातली. शेताचा हिशोब एका वहीत, घराचा दुसरीत, पोस्टाचं पासबुक देवघराच्या फळीवर, विम्याच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात. ह्यांचा पगार गुलबर्ग्याहून यायचा, प्रॉव्हिडंट फंड तिकडेच कापला जायचा, त्याला मी आपल्यातलं कधी धरलंच नाही. धाकटीच्या लग्नाला तो एकदम समोर आला तेव्हा परक्याने मदत केल्यासारखं वाटलं.

निवृत्तीच्या वर्षी हेच म्हणाले की सगळं एका पानावर घे. मास्तर माणूस, फळ्यावर उत्तर आल्याशिवाय चैन नाही. पाडव्याच्या दिवशी पूजा झाल्यावर मी नवी वही उघडली, वर श्री काढलं आणि खाली एकेक लिहीत गेले. चार एकर कोरडवाहू, तूर आली तर आली. पत्र्याचं तीन खोल्यांचं घर. आठ तोळे, त्यातले मोडायचे शून्य. पोस्ट. विमा. फंडातलं लग्नातून उरलेलं. आणि सगळ्यांत खाली महिन्याची पेन्शन, नऊशे रुपये. वर्षाचे किती होतात ते मांडलं आणि माझा हातच थांबला. चार एकरांनी चांगल्या सालात जेवढं दिलं नव्हतं तेवढं ह्या एका ओळीत होतं. आमचं सगळ्यात मोठं शेत ते होतं, अण्णा, आणि मी इतकी वर्षं ते शेतात धरलं नव्हतं.

मग तिसऱ्या हिश्श्याचा प्रश्न आला. तुमच्या धंद्यात हे नव्हतं म्हणून सांगते. पेन्शनीचा तिसरा हिस्सा माणसाला सरकारला विकता येतो. साधारण दहा वर्षांत त्या हिश्श्याची जेवढी पेन्शन मिळाली असती तेवढी रक्कम एकदम हातात येते, आणि मग महिन्याला तो तिसरा हिस्सा कमी मिळतो. आमचे छत्तीस हजारांच्या वर होत होते. अर्ज कानडीत होता. आळंद हैदराबादेतून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ह्यांनी कानडीची परीक्षा दिली होती, पण सरकारी कानडी वाचताना अजून बोट ठेवायचे, म्हणून मी बरोबर गेले. खजिन्यातला कारकून ह्यांचाच जुना विद्यार्थी. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा.

"अक्का, ह्यो सौदा आयुष्याचा हाय," तो मला म्हणाला. "मास्तर धा-अकरा वर्षांच्या वर जगले तर न घेतलेलं बरं. त्याच्या आत काय झालं तर घेतलेलं बरं. तुमची कुटुंब-पेन्शन घेतलं तरी तेवढीच, न्हाई घेतलं तरी तेवढीच."

हे मला म्हणाले, "बघ, माझा भाव काढायलाय. तुरीपेक्षा बरा लागलाय."

कारकून हसला. मी हसले नाही. बाहेर लिंबाखाली ह्यांनी चहा मागवला आणि बशीकडे बघत हळूच म्हणाले, घेऊन टाकू, पोस्टात ठेवू, तुझ्या नावानं. तुझ्या नावानं हे दोनदा म्हणाले. त्यांनी एवढंच बोलायचं ठरवून आणलं असणार. मला समजलं, आणि समजल्याचा मला राग आला. सोमवार होता, माझा उपास होता, कपाळाला कुंकू होतं, आणि समोर बसून हा माणूस मला काय सांगतो आहे. मी चहा तसाच ठेवून उठले.

तेव्हा घरी मी हिशोब मांडला. मांडला तो चांगला मांडला, तुम्हीही मान हलवली असती. शेत पावसावर, सोनं मोडायचं नाही, घर खायला देत नाही, पोस्टाचं व्याज थोडं. मग निश्चित येणारं तेवढं पूर्ण असावं, ते कापून घेऊ नये. मामंजी ऐंशी वर्षं जगले, त्यावरून ह्यांची बावीस वर्षं धरली. बावीस वर्षांची बेरीज छत्तीस हजारांच्या दुपटीच्या वर गेली. दुसरा रकाना मी आखला होता. आखून वर काय लिहायचं तिथे थांबले. घरात मीठ संपलं तर वाढलं म्हणणारी मी, दिवा विझला तर शांत झाला म्हणणारी. वर श्री काढलेल्या पानावर, माझ्या हाताने, हे गेल्यावर असं कसं लिहू? रकाना मी कोराच ठेवला.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेतल्यासारखं विचारलं, "दोन्ही बाजूंनी मांडलंस ना?"

मी म्हणाले, "व्हय. न घेतलेलंच बरं पडतंय."

माझ्या हिशोबावर त्यांचा तुमच्याइतकाच विश्वास. वही बघायला मागितली नाही. कारकुनाने अर्जाला सांगितलेली वर्षाची मुदत निघून गेली. घरात थोरल्याने विचारलं तेव्हा ह्यांनीच सांगितलं की मला नको वाटलं, मी नाही घेतलं. माझं नाव निघू नये म्हणून सांगितलं, का खरंच त्यांना आपलाच निर्णय वाटत होता, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी, हरभरा निघाला त्या दिवसांत, दोन दिवसांच्या तापाने ते गेले. शेताचा पहाणी-उतारा काढला की मालकाचं नाव दिसतं, मेला तर वारसाचं चढतं. ह्या नऊशेच्या शेताचा मालक त्यांचा श्वास होता. मला चारशे दहा राहिले. नुसत्या पैशाचंच बोलायचं तर, तिसऱ्या हिश्श्याचे मिळालेले अकरा हजार वजा जाता पंचवीस हजार गेले. तेवढे पोस्टात असते तर व्याजावर माझा किराणा निघाला असता आणि थोरल्याने हे पत्र लिहिलंच नसतं.

परवा मी पुन्हा सगळं एका पानावर घेतलं. या वेळी दोन्ही रकाने भरले. मी तीस वर्षं जगले तर, आणि मी दोन वर्षांत गेले तर. आपल्या मरणाचं लिहिताना हात जरासुद्धा अडला नाही, याचं मला नवल वाटलं. त्यावरून असं दिसतं की शेत विकायचं कारण नाही. बटईने द्यायचं, पुढची खोली नव्या पोस्टमास्तरांना भाड्याने, चार बांगड्या मोडून पोस्टात, आणि उपासाचे दिवस आहेतच. तंगीत भागेल, पण भागेल. मी लवकर गेले तर सगळं मुलांचंच आहे. मी आळंदलाच राहते, तुझ्या दोन खोल्या तू तुझ्या ऐपतीने घे, असं थोरल्याला लिहून ठेवलं आहे. आकडे सगळे दिले आहेत, त्याला पटतील.

त्या पत्रात एकच ओळ नाही. हट्ट अप्पांचा नव्हता, माझा होता, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मुलगा बापाला बोल लावतो आणि मी गप्प बसते. वर्षश्राद्धाला तो भटजींसमोर हेच म्हणाला, तेव्हाही मी दर्भ उचलून देत होते, मान वर केली नाही. ते सांगितलं तर माझी शोभा होईल, हे काही फार मोठं नाही. पण त्याने परत कधी माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवला नाही तर? माझ्याजवळ आता तेवढंच आहे. कंटाळा आला आहे, अण्णा. बेरीज जमते, पण ती कोणाला दाखवायची ताकद राहिली नाही.

थोरल्याचं पाकीट अजून चिकटवलेलं नाही. ती ओळ घालू का नको, एवढंच विचारायचं होतं. तुम्हाला विचारते आहे ते तुमच्याकडून उत्तर येणार नाही म्हणूनच, हेही लिहून ठेवते. तरी महिनाअखेरच्या आत उलट टपाली कळवा.