चार चौकटी आणि एकच उभी रेघ

चि. दर्पण यास,

पालघरहून मामाचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इथे खुशाल. तुझी पाठ कशी आहे? कारखान्यातल्या खुर्चीला दोष देऊ नकोस. खुर्ची सरळच आहे, तू तिच्यात शवासन करतोस. (फोन करता आला असता, पण फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला तोडतोस. कागदावर ती सोय नाही.)

तर, तू काढून दिलेल्या आलेखांविषयी. सातपाटीचा जानू तांडेल, माझा जुना विद्यार्थी (संस्कृतात काठावर, समुद्रात पहिला), वर्षभर मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची जाळी टाकतोय. पापलेटची पिल्लं त्यातून निसटतात आणि मागच्या बोटीच्या बारीक जाळ्यात सापडतात. सगळ्या बोटींनी मोठा आस धरला तरच याला अर्थ. नाहीतर यंदा जानूही बारीक जाळ्याकडे वळणार. हेच मच्छीमार सोसायटीच्या सभेला पटावे म्हणून तू दहा वर्षांच्या मासळीचे चार आलेख एका ओळीत मांडून दिलेस: बोंबील, पापलेट, कोळंबी, घोळ. काम सुबक होते. फक्त चारही चौकटींना डावीकडे उभी रेघ, प्रत्येक रेघेवर आकडे आणि प्रत्येकीशेजारी 'टन', 'टन', 'टन', 'टन'. पंचवीस वर्षे निबंधांतली पुनरुक्ती लाल शाईने खोडणाऱ्या माणसाला हा घंटानाद सोसवेल का? सूत्रकार एकदा सांगितलेले पुढे गृहीत धरतात, हे तुला तुझ्या मुंजीतच सांगितले होते. (तू लाडू खात होतास.) मी पहिल्या चौकटीचे आकडे ठेवले आणि बाकीच्या तीन रेघा आकड्यांसकट पुसल्या. काय मोकळे, सारवलेल्या अंगणासारखे दिसू लागले म्हणून सांगू!

आता, प्रत्येक चौकटीचे माप वेगळे आहे हे मला कोणी सांगितले होते? (रेघांवर लिहिले होते, हे मान्य.) बोंबलाची रेघ चारशे टनांपर्यंत, पापलेटची चाळीसपर्यंत, घोळीची जेमतेम चारपर्यंत. सभेत भिंतीवर चित्र उमटले आणि सगळी मासळी बोंबलाच्या मापाने वाचली गेली. पहिल्या रांगेत मासळी विकणाऱ्या इंदुबाई. त्या म्हणाल्या, "मास्तर, तीनशे टन घोळ? माज्या नवऱ्याला वरसाला दोन गावत नाय. बाकीची तुमी खाल्ली काय?" सभा हसली, तेवढे परवडले. पण मागून कोणीतरी म्हणाले, "पापलेट अजून एकशेवीस टन हाय ना? मग जानू रडतो कशाला?" खरा आकडा बारा, तोही अडतिसावरून घसरलेला! जानू घसा फोडून सांगत होता, पण भिंतीवरच्या चित्रापुढे उभ्या माणसाचे कोण ऐकतो? ठराव कसाबसा पुढच्या रविवारावर ढकलला गेला. जाताना जानू एवढेच म्हणाला, "सर, परीक्षेत तुमी आमचं उत्तर कवा पुसलं नाय." तेव्हापासून जेवणावरून माझे लक्ष उडाले आहे. असो. आलेखात चूक झाली आहे, हे मी भर सभेत उभे राहून कबूल केले. चूक मान्य करण्यात कमीपणा नसतो, हे तूही शिकून घे.

सौ. दीपाला आशीर्वाद.

तुझा,
मामा

ता.क. चारही चौकटींना रेघा आणि आकडे पुन्हा लाव. प्रत्येकीशेजारी 'टन' येऊ दे; हवे तर पाच वेळा येऊ दे. पापलेटचे आकडे ठळक कर. पुसलेले चित्र मी तुझ्याच फाइलवर साठवले, त्यामुळे सगळे नव्याने काढावे लागेल.

ता.क. २. जानूने बारीक जाळी माळ्यावरून खाली काढली आहेत, अजून बोटीत चढवलेली नाहीत. रविवारी सकाळी दहाला तू स्वतः येऊन दाखव. मी सांगितलेले आता कोणी मानणार नाही.

ता.क. ३. चूक कबूल केली असे वर लिहिले आहे. कोणाची, ते लिहायचे राहिले. मी म्हणालो, "भाचा बोयसरला असतो, जरा घाईघाईत काम करतो." इंदुबाईंनी तुझे नाव नीट विचारून घेतले आहे. आलास की आधी त्यांच्या पाया पड, मग पेनड्राइव्ह काढ.